जहाजं आली म्हणजे युद्ध ठरलं?

"विशाखापट्टणमला अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाच्या युद्धनौका जमल्यात. युद्ध ठरलंय, सरकार लपवतंय. आपला तळ अमेरिकेला दिला. पेट्रोल भरून ठेवा. नौदलातल्या पोरांशी आत्ताच बोलून घ्या, नंतर फोन लागणार नाही." साताऱ्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरून हा मेसेज आमच्या आत्याकडे पोचला. तिचा धाकटा नौदलात. दोन घास पोटात जाईनात तिच्या.

लपवतंय? मेसेजमधलाच फोटो मोठा करून बघा. जहाजावर पुढच्या टोकापासून डोलकाठीवरून पार मागपर्यंत रंगीत पताका, कठड्याशी पांढऱ्या गणवेशातले नौसैनिक ओळीनं उभे. लढाईला निघालेलं जहाज असं नटतं होय? हा नौदलांचा एकत्र होणारा 'मलबार' सराव, १९९२ पासूनचा. २०२४ चाच घ्या: ८ ते १८ ऑक्टोबर, विशाखापट्टणम, आधी बंदरात, मग समुद्रात. संरक्षण मंत्रालयानं पत्रक काढून तारखांसकट जाहीर केलं होतं. बंदरात बैठका, एकमेकांच्या जहाजांना भेटी, खेळांचे सामने; समुद्रात पाणबुडी हुडकणं, तोफा डागणं. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथंच 'मिलन' सराव झाला, त्याला अमेरिकेचं जहाज होतं आणि रशियाचंही. ही कुठल्या युद्धाची आघाडी, ते मेसेजवाल्यानंच सांगावं.

चीनवर डोळा ठेवून हे चालतं, हे मान्य. ते शेंबडं पोरही सांगेल. तळाच्या गप्पेत चिमूटभर खरं आहे. २०१६ च्या करारानं भारत आणि अमेरिका एकमेकांच्या जहाजांना इंधन, रसद, दुरुस्ती देऊ शकतात, पैसे मोजून. पण तळ कुणी कुणाला दिलेला नाही.

पेट्रोलचं सोडा. कॅन भरून घरात ठेवणाऱ्यानं गॅसच्या शेगडीकडे एकदा बघावं.

खरी चीड येते ती फोनच्या ओळीची. कारण फोन लागणार नाहीच! जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज जाते, सराव असो नसो. आत्याला हे एरवी पाठ आहे. महिना महिना आवाज ऐकला नाही तरी ती कुरकुरत नाही. आता मात्र 'स्विच ऑफ' ऐकलं की तिला मेसेज आठवणार. ज्या जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगेसारखं घरटी कुणी ना कुणी फौजेत असलेलं गाव आहे, तिथं असलं काही पुढं ढकलताना अंगठा अडखळला नाही?

ढकलणारा आमच्याच भावकीतला आहे. आत्याला त्याचा नंबर दिलाय; पोराचा फोन लागला नाही की ती त्याला लावणार आहे, रात्रीचे दोन असले तरी.