अर्धा मिनिट एसी बंद करायला काय हरकत होती?

आज तिसऱ्यांदा मांडीवर हार्ड डिस्कचा खोका घेऊन कदंबच्या बसने साखळीहून पणजीला गेलो आणि तिसऱ्यांदा तीच डिस्क, तशीच, परत घेऊन आलो. सर्व्हिस सेंटरमधील मुलाने ती संगणकाला जोडली, पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘पास’ उमटले आणि तो म्हणाला, "सर, डिस्क चांगली आहे. बंद पडली की घेऊन या." मी म्हटले, आवाज ऐका. तो म्हणाला, आवाज येत नाही. डोक्यावर एसी घरघरत होता, मागे प्रिंटर चालू होता, दाराबाहेर वाहने होती. अर्धा मिनिट एसी बंद करून डिस्कला कान लावा, एवढीच विनंती मी केली. ती मान्य झाली नाही.

हा आवाज चवथीच्या आदल्या आठवड्यापासून येतो आहे. रात्री पंखा बंद करून बसले की स्पष्ट ऐकू येतो: टक्, टक्, टक्, मग एक बारीक शीळ, आणि तेवढ्या वेळापुरती उघडलेली फाईल जागच्या जागी थांबते. आत तबकड्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरत असतात आणि वाचणारे हेड त्यांच्यापासून केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. हेडला हवी ती जागा वाचता आली नाही की ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि त्याचाच हा ठोका असतो. निरोगी डिस्कही हेड बाजूला ठेवताना हलका आवाज करते, हे मला ठाऊक आहे. पण डिस्कच्या स्वतःच्या नोंदींत १९७ क्रमांकापुढे, म्हणजे वाचता न आलेल्या जागांपुढे, पहिल्या फेरीच्या वेळी ८ हा आकडा होता आणि आज २४ आहे. ठरलेली मर्यादा ओलांडेपर्यंत हिरवे ‘पास’ दिसतच राहणार.

माझे बाबा खाणी चालू असताना टिप्पर चालवायचे. चाकातून वेगळा आवाज आला की भर उन्हात, खनिज भरलेली गाडी रस्त्याकडेला घेऊन ते खाली उतरायचे आणि बेअरिंग तपासल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. चाक निखळल्यावर या, असे त्यांना कोणत्याही गॅरेजवाल्याने कधी सांगितले नाही.

तीन वर्षांची वॉरंटी आहे, त्यातील दोन वर्षे तीन महिने संपले. डिस्क उरलेल्या नऊ महिन्यांत मेली तर बदलून मिळेल, दहाव्या महिन्यात मेली तर खर्च माझा, आणि आजार मात्र वॉरंटीच्या काळातलाच! याचा मला मनस्वी संताप येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ या शब्दाखाली गुणवत्तेतील उणीवही येते; वस्तू पूर्ण बंदच पडली पाहिजे, अशी अट तिथे नाही. आता तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि १९१५ हा मदतक्रमांकही आहे. उद्या सकाळी मी तो लावणार आहे.

बदलून मिळेल म्हणजे तरी काय मिळेल? त्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिले आहे, की आतील माहितीची जबाबदारी कंपनीची नाही, जुनी डिस्क परत मिळणार नाही आणि बदली डिस्क दुरुस्त केलेली असू शकते. माझ्या डिस्कवर आमच्या देवळाच्या जत्रेतील बारा वर्षांच्या नाटकांची चित्रीकरणे आहेत. त्यांतील तीन नट आज हयात नाहीत. गावच्या रंगमंचावरचे ते प्रयोग पुन्हा होणार नाहीत, हे तुम्हां मंडळींना मी सांगायला नको. दुसरी प्रत ठेवायला हवी होती, हे मान्य. माझ्याकडची प्रत तीन वर्षांपूर्वीची आहे. पण म्हणून समोर ठोके देणारी डिस्क कोणी ऐकूच नये?

मघाशी हे लिहायला बसलो तेव्हा त्या मुलाविषयी बरेच कठोर लिहिले होते, ते खोडले. त्याच्या हातात फक्त ती चाचणी आहे आणि ‘पास’ आलेली डिस्क स्वीकारायची नाही, असा त्याला वरून आदेश आहे. निघताना तो हळूच म्हणाला, "सर, आज रात्रीच कॉपी करून घ्या." म्हणजे त्यालाही ते कळले होते. मग अर्धा मिनिट एसी बंद करून, ऐकू आलेला आवाज अर्जावर दोन ओळींत लिहायला काय हरकत होती? तेवढ्या नोंदीने माझी तक्रार वॉरंटीच्या मुदतीत दाखल तरी झाली असती.

संध्याकाळी येता येता नवी डिस्क विकत घेतली. आता रात्रीचे साडेअकरा झाले आहेत, पंखा बंद आहे आणि प्रत निघते आहे. वेग सेकंदाला १२० एमबीवर असतो, टक् झाले की शून्यावर येतो, मग पुन्हा चढतो. नऊ वर्षांची नाटके आली आहेत. तीन वर्षांची राहिली आहेत.