पांढरकवड्याच्या ताईंना उत्तर: लकी बांबूचं पाणी

ताई, नमस्कार. तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं: आठवड्याला पाणी बदलण्याची कटकट उगाच आहे, तुम्ही नुसती भर घालता, बोअरचं पाणी उकळून गार करून वापरता, तरी पानांची टोकं करपतात, तेव्हा दोष पाण्याचा नाही, झाडच नाजूक, आणि मुळात पाण्यातलं झाड मी मातीत लावायला का सांगते?

पाणी कसं घालता हे तुम्ही नेमकं सांगितलंत, त्यावरून मला तरी दोष पाण्याचाच वाटतो. लकी बांबू हा बांबू नाही. तो आफ्रिकेतल्या कॅमेरून-काँगोकडचा ड्रेसिना, म्हणजे एक शोभेचं झाड आहे, आणि ड्रेसिनाला फ्लोराइड, म्हणजे पाण्यात विरघळलेला एक क्षार, अजिबात सोसत नाही. मुळांनी ओढलेलं फ्लोराइड पानांच्या टोकांशी साचतं आणि तिथला भाग मरतो. यवतमाळ जिल्ह्यात, तुमच्या केळापूर तालुक्यातही, बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. भर घालण्यातही तेच होतं. भांड्यातलं पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि वरून आपण नवे ओततो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडतं, फ्लोराइड मात्र तसंच राहतं. म्हणून पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा, आणि भर न घालता सगळं पाणी बदला.

इथे झाड थोडं बाजूला ठेवते. घरात पिण्यासाठीही तेच बोअरचं पाणी उकळून वापरत असाल, तर ते कृपया तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. ड्रेसिनाला याहून कमी प्रमाणही बाधतं, त्यामुळे टोकं करपली म्हणजे पिण्याचं पाणी वाईटच, असं मी म्हणत नाही. पण घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या दातांसाठी, हाडांसाठी एवढी चौकशी कराच.

पाणी बदलण्याचं दुसरं कारण डेंग्यूचा डास. एडिसला असंच घरातलं स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. 2001 साली कॅलिफोर्नियात चीनहून पाण्यात ठेवून आलेल्या लकी बांबूबरोबर टायगर डास, म्हणजे एडिसचाच एक प्रकार, पोचले होते. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे पाणी नुसतं ओतून देऊन भागत नाही. भांडं आतून घासा, गोटेही चोळून धुवा. ही कटकट मी कुणालाच माफ करणार नाही.

मातीचं म्हणाल तर सक्ती नाही. पाण्यात हे झाड वर्षानुवर्षं जगतं, पण वाढ बेताची राहते. तळाला भोक असलेल्या कुंडीत, कोकोपीट आणि थोडी वाळू मिसळलेल्या मातीत ते जास्त जोमानं वाढतं, शिवाय भांडं घासणंही वाचतं. फक्त सुपर फॉस्फेट खत घालू नका, त्यातही फ्लोराइड असतं. जागा उजेडाची हवी, थेट उन्हाची नको. विदर्भातल्या उन्हात पानं भाजतात.

खोडच पिवळं आणि मऊ पडलं असेल तर ती कांडी लगेच काढा, नाहीतर शेजारच्याही सडतील. वरचा शेंडा हिरवा असेल तर तो कापून वेगळा लावता येतो. त्यात अपशकुन काही नाही, मनाला लावून घेऊ नका.

करपलेली टोकं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती कात्रीनं कापून टाका. पाणी बदलल्याचा फरक बघायचा तो नव्या पानांवर. दोन-तीन नवी पानं येऊ द्या आणि तरीही टोकं करपली तर जागा, उजेड आणि पाणी कुठलं ते लिहून मला कळवा.