संमोहन म्हणजे झोप नव्हे

आपण प्रसिद्ध केलेल्या संमोहनावरील लेखात संमोहनाला ‘गाढ झोपेची अवस्था’ म्हटले आहे, ते पटले नाही. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४३ मधील आपल्या ग्रंथात ग्रीक भाषेतील झोपेच्या शब्दावरून हा प्रकार ‘हिप्नॉटिझम’ म्हणून मांडला खरा. परंतु पुढे त्यांनाच ते नाव दिशाभूल करणारे वाटले आणि ‘एकाच कल्पनेवर मन खिळणे’ या अर्थाचा दुसरा शब्द त्यांनी सुचवला. तोवर पहिला रुळून गेला होता.

संमोहनाच्या वापराचा आपल्याकडचा दाखला बंगालमधील हुगळीचा आहे. तेथे १८४५ पासून डॉ. जेम्स एस्डेल यांनी, ईथर हे भुलीचे औषध वापरात येण्यापूर्वीच, अठराव्या शतकातील वैद्य मेस्मर यांच्या, संमोहनाची पूर्वज मानल्या जाणाऱ्या पद्धतीने रुग्णांना गुंगीत नेऊन हत्तीरोगाच्या मोठमोठ्या गाठी काढल्या. ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर ही पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच झाले, कारण संमोहनाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही.

आज त्याचा सर्वात भक्कम उपयोग मला आतड्यांच्या ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ (आयबीएस) या विकारात दिसतो. पीटर व्हॉर्वेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांना संमोहनाने लक्षणीय आराम पडला होता. या उपचारात रुग्ण जागा असतो, ऐकतो आणि नको असलेली सूचना नाकारूही शकतो.

‘विसरलेल्या आठवणी परत येतात’ हे विधान मात्र लेखातून काढावे. संमोहनात आठवणींची अचूकता वाढत नाही, त्यांवरचा विश्वास तेवढा वाढतो.