त्या थपडेला आज पुन्हा हसले सगळे

आज दुपारी मावसभावाकडे जेवणं झाल्यावर ‘गॉन विथ द विंड’ लावला होता, अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा जुना हॉलिवूडपट. बाहेर तोफा धडाडतायत, मेलनीला कळा सुरू झाल्यात, आणि बाळंतपणातलं सगळं येतं म्हणून फुशारकी मारलेली प्रिसी, घरची गुलाम पोर, रडत कबूल करते की मला यातलं काहीच कळत नाही. सिनेमाची नायिका स्कार्लेट फाडकन तिच्या थोबाडीत मारते. अख्खी खोली हसली. माझं डोकंच फिरलं. उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

हे हसू मी ओळखतो. १९८८ साली बाबांनी भाड्याने व्हीसीआर आणला होता. वाड्यातली दहा-पंधरा माणसं आमच्या खोलीत दाटीवाटीने बसलेली. बाबा इंग्रजीचे मास्तर, मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगायचे. त्या थपडेला एवढा हशा पिकला की बाबांनी कॅसेट मागे घेऊन ती पुन्हा दाखवली. पुन्हा हशा. नऊ वर्षांचा मी टाळ्या पिटत होतो.

प्रिसी झालेल्या बटरफ्लाय मॅकक्वीनचं नाव तरी माहितीये का कुणाला? याच सिनेमात दुसरी गुलाम बाई, मॅमी, झालेली हॅटी मॅकडॅनियल सगळ्यांना पाठ, १९४० चं ऑस्कर म्हणून. त्या रात्री तिला बाकीच्या कलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या टेबलावर बसवलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात पहिला खेळ झाला तेव्हा या दोघींना तिथे जागाच नव्हती. जॉर्जियात गोऱ्यांच्या थिएटरात काळ्यांना शेजारी बसायची बंदी! स्वतःचा सिनेमा, आणि आत पाऊल टाकायचं नाही.

‘अरे, तो काळच तसा होता,’ भाऊ म्हणाला. कुणाचा काळ? शिकागोत, वॉशिंग्टनमध्ये काळी माणसं याच सिनेमाविरुद्ध थिएटरबाहेर फलक घेऊन उभी होती. ती त्याच काळातली नव्हती का? पुढे काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या माल्कम एक्सने लहानपणी मिशिगनमधल्या एका गावात हा सिनेमा पाहिला. थिएटरात काळा तो एकटाच. मॅकक्वीनचं काम सुरू झालं तेव्हा त्याला सतरंजीखाली शिरावंसं वाटलं, असं त्याने आत्मचरित्रात सांगितलंय. आमच्या खोलीत तसं कुणी नव्हतं. म्हणून ती कॅसेट मागे घेता आली.

बरं, सिनेमा देखणा आहे, मान्य. मॅकडॅनियल तर प्रत्येक दृश्य खाऊन टाकते.

पण मॅकक्वीन मनातून जात नाहीये. कलिंगड खायचा प्रसंग करायला तिने सेटवर साफ नकार दिला होता. काळा माणूस आणि कलिंगड ही तिकडची ठरलेली टवाळी, तिला पक्कं ठाऊक होतं. १९४५ च्या ‘मिल्ड्रेड पियर्स’मध्ये पुन्हा मोलकरीणच, आणि श्रेयनामावलीत नाव नाही. शेवटी असल्या भूमिकाच नको म्हणाली. तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मग पोटापाण्यासाठी मिळेल ती कामं केली, आणि १९७५ साली, चौसष्टाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून पदवी घेतली.

संध्याकाळी बाबांना फोन केला. भांडायचंच होतं खरं तर. कॅसेट मागे घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग मास्तरच ते, हळूच विचारलं, “विषय कुठला होता रे तिचा?”

राज्यशास्त्र, म्हटलं.