पट्टा थांबतो, ढग थांबत नाहीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की २२ जुलै २०२१ च्या महाबळेश्वर-चिपळूणच्या पावसाला सरळ ढगफुटी म्हणावं. डोंगर जागचा हलत नाही, मग पाऊस तिथंच पडणार, त्यात समजावण्यासारखं काय?

आधी आकडा बघा. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस झाला. तासाला सरासरी २५ मिमी. हवामान खात्याचा ढगफुटीचा निकष तासाला १०० मिमीचा आहे. मधे एखादा तास जास्त जोराचा गेला असेलही, पण घात केला तो न थांबण्यानं.

आणि डोंगर तर चारही महिने तिथंच असतो. रोज ५९४ का पडत नाही? वाऱ्यामुळे. सह्याद्रीची धार दक्षिणोत्तर, त्यामुळे दीड किलोमीटर उंचीवरचा वारा थेट पश्चिमेचा हवा. त्याच्या वेगाला हवेची स्थिरता (वर ढकललेली हवा किती जोरानं खाली परतू पाहते, त्याचं माप) गुणिले डोंगराची उंची यानं भागायचं. उंची १००० मीटर आणि स्थिरता ०.०१ धरली, तर सेकंदाला १० मीटर वाऱ्याला उत्तर १ येतं. उत्तर १ च्या वर गेलं, म्हणजे वारा १५-२० मीटरचा असला, तर तो सहज घाट चढतो. ६-७ मीटरवर उतरला की हवा कोकणातच तुंबते आणि पाऊस किनाऱ्याकडे, कधी समुद्रावरही सरकतो. हवा पूर्ण ओली असली की स्थिरता कमी होते, चढण आणखी सोपी.

आता पाऊस ‘तिथंच’ पडतो, पावसाचा पट्टा जागचा हलत नाही, या म्हणण्याबद्दल. ढग वाऱ्याबरोबर पूर्वेला जातच असतात. एकेकाचं आयुष्य साधारण अर्धा-पाऊण तास. पण जुना ढग घाट ओलांडून विरतो तोवर मागे, त्याच उतारावर, नवा तयार झालेला असतो. रडारची तासाभराची चित्रं ओळीनं लावा आणि एकाच ठिपक्यावर नजर ठेवा. ठिपका सरकतो आणि पट्टा मात्र जागेवरच, असं दिसलं की समजा नवे ढग एकाच जागी जन्मताहेत.

‘रडारवर लाल (जोराच्या पावसाचा रंग) दिसत नाही, मग मुसळधार कसला?’ हा तुमचा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. मुंबईतल्या कुलाब्याच्या रडारपासून चिपळूण सुमारे १७० किलोमीटर. अर्ध्या अंशावर सोडलेला किरण तिथं पोचेपर्यंत तीन किलोमीटर उंचीवर गेलेला असतो, आणि घाटातल्या पावसाचा बराचसा जोर त्याच्या खालीच असतो. म्हणून घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापकाचे तासातासाचे आकडे बघा. लागोपाठ तीन तास पंचविशीच्या वर आणि वारा तसाच पश्चिमेचा असेल, तर चिपळूणला वाशिष्ठी नदीच्या काठी सामान माळ्यावर चढवायला घ्यावं. खाडीला भरती असेल तर त्याही आधी.