भुंका, पण समितीच्या परवानगीने

तुमच्या लेआउटमधल्या ओपन स्पेसवर श्वान उद्यान मंजूर झालं म्हणता? अभिनंदन. आमच्या नागपुरात प्रतापनगरकडच्या लेआउटमध्ये दोन वर्षं सहसचिवपद भूषवून मी जे शिकलो, ते तुम्हाला फुकट देतो.

आधी समिती करा, कुत्र्यांचं नंतर पाहू. अध्यक्ष शक्यतो कुत्रा न पाळणारा असावा, म्हणजे तो निःपक्ष राहतो. बैठक रविवारी सकाळी, तर्री-पोह्यांवर. पहिल्या तीन बैठका नावावर खर्च करा. आमच्याकडे ‘श्वान विहार’ की ‘श्वान वाटिका’ यावर दोन सभासदांचं बोलणं बंद झालं, ते अजून सुरू व्हायचं आहे. एखादा म्हणेलच, ‘‘पोट्ट्याईले खेळाले जागा नाही अन् कुत्र्याईले बगीचा पाहून राहिले!’’ त्याला लगेच उपाध्यक्ष करा.

मग फाटक. जाणकार सांगतील की श्वान उद्यानाला दोन दारं लागतात, मधे छोटी बंदिस्त जागा. बाहेरचं दार लावायचं, त्या जागेत पट्टा सोडायचा, मग आतलं दार उघडायचं. कोणी आत येताना दुसऱ्याचा कुत्रा बाहेर सटकू नये, एवढ्यासाठी. हा खर्च वाचवा आणि त्या पैशात कमान उभारा. आम्ही तेच केलं. पहिल्याच रविवारी एक काकू एका हाताने फाटक धरून दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होत्या. त्यांच्या कोपराखालून आमचा लॅब्राडोर गेला तो गेलाच. तासाभराने चौकातल्या समोश्याच्या ठेल्याखाली सापडला. ठेलेवाले शांतपणे म्हणाले, ‘‘चार झाले भाऊ, चटणीसकट.’’ कमान मात्र फोटोत सुंदर येते.

जमिनीवर पेव्हर ब्लॉक घाला, सगळीकडे. मातीने पाय मळतात, गवताला पाणी लागतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातला ब्लॉक हवेहून कितीतरी तापतो, हे खरं. पण चटका बसणार तो पंजांना, आणि पंजे सभेला येत नाहीत. शंकेखोर माणसं तळहाताची मागची बाजू ब्लॉकवर सात सेकंद टेकवून पाहायला सांगतात, टेकवत नसेल तर कुत्र्याला चालवू नका म्हणतात. अशा माणसांना बैठकीचा निरोप उशिरा द्यावा. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात, बाकी अंग तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून थंड ठेवतो, असंही ते ऐकवतील. हस्कीवाल्यांना मात्र जरूर बोलवा. सायबेरियातल्या बर्फासाठी घडलेलं ते जनावर इथे वर्षभर कूलरसमोर पडून असतं, जरा फिरेल तरी.

वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५ ठेवा, कारण चौकीदाराची ड्युटी तेवढीच असते. पहाटे पाचला, जेव्हा गार असतं, तेव्हा कुलूप. कोपऱ्यातला कडुनिंब फार पानं गाळतो म्हणून आम्ही तो छाटून घेतला. प्यायच्या पाण्याचं म्हणाल तर रंगीत दिव्यांचं कारंजं आहे. नळ मंजूर आहे, तोटी पुढच्या आर्थिक वर्षात.

शी उचलण्याबद्दल पाट्या लावा, पिशव्या ठेवू नका. पिशव्या ठेवल्या तर लोक त्यात भाजी नेतात. आमचे खजिनदार म्हणाले, ‘‘राहू द्या, खत होते ना!’’ शेण आणि ही वस्तू यांत फरक असतो, हिच्यातली जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. पोहे गार होत होते.

लहान आणि मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळे कप्पे करायची काहीच गरज नाही. जर्मन शेफर्डने चिमुकल्या पग कुत्र्याला एकदा नीट समजावलं की मामला मिटतो. लसीचं कार्डही मागू नका. शेजाऱ्याकडे कागद मागणं बरं दिसत नाही, आणि पार्व्होचा जीवघेणा विषाणूही कार्ड न दाखवताच आत येतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, रस्त्यावरची कुत्री. त्यांच्यासाठी ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत लावा. त्यांना खाऊ घालणारी एखादी ताई असेलच. तिच्यासमोर कायदा नेहमी अर्धाच सांगायचा. २०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की खाऊ घालायचं तर कुत्रं दत्तक घ्या, घरी न्या. हे मोठ्याने वाचा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली, ते वाचताना चष्मा विसरायचा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाऊ घालायची जागा ठरवून देणं हे रहिवाशांच्या संघटनेचं काम आहे आणि नसबंदी, लस झालेलं कुत्रं जिथून नेलं तिथेच परत सोडायचं असतं, हा मुद्दा निघालाच तर ‘वेळेअभावी पुढील बैठकीत’ असं इतिवृत्तात लिहा. आमच्याकडे तो सात वेळा लिहिला आहे, अक्षर माझंच.

उद्घाटनाला कुत्री आणू नका, भाषणात भुंकतात. आम्ही फीत कापली, शाल-श्रीफळ झालं, अध्यक्ष पंचवीस मिनिटं मुक्या प्राण्यांवर बोलले. त्यानंतर पाळीव कुत्री दोन-तीन रविवार आली, मग येईनाशी झाली. आता रोज तिथे एकटा काळ्या असतो. नसबंदी झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं. कुंपणाच्या जाळीखालून येतो आणि दुपारभर त्या तिन्ही भाषांतल्या पाटीच्या सावलीत झोपतो, कारण कडुनिंब छाटल्यापासून आत दुसरी सावलीच नाही. पाटी जरा लहान करावी का, हा विषय येत्या रविवारी ठेवला आहे. पोहे सांगून झालेत.