तोळ्यामागे 1.66 ग्रॅम कोणीही खात नाही

लग्नसराई जवळ आली की इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. खरा तोळा 11.66 ग्रॅमचा, सराफ देतो 10, म्हणजे तोळ्यामागे 1.66 ग्रॅम सोनं त्याच्या खिशात. सरकारनंच तोळा गुपचूप लहान करून त्याला मोकळं रान दिलं. परदेशातला औंसाचा भाव पाहिला की इथलं सोनं भेसळीचं असल्याचं कळतं. आणि 22 कॅरेट म्हणजे वजन. हा मजकूर वाचून माणसं सराफ्यात नको तिथे वाद घालतात आणि जिथे खरंच नुकसान होतं तिथे मान डोलावतात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

जुना तोळा 11.6638 ग्रॅमचा होता, हे खरं. पण आज पेढीवर तोळ्याचा म्हणून जो भाव सांगतात तो 10 ग्रॅमचा असतो. भाव 10 ग्रॅमचा आणि सोनंही 10 ग्रॅम, मग गेलं काय? भाव 11.66 ग्रॅमचा लावून हातात 10 ठेवले असते तर ती चोरी होती. "भैया, पूरा तोला दो" म्हणून सराफाशी भांडलात तर तो 11.66 ग्रॅम देईल आणि पैसेही तेवढ्याचेच घेईल. बिलावर ग्रॅम लिहून घ्या, विषय संपला.

सरकारनं तोळा लहान केला, हे तर साफ खोटं. 1833 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं तोळा 180 ग्रेनचा (ग्रेन हे लहानसं इंग्रजी वजन) ठरवला आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा ठेवला. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. पुढे 1956 च्या कायद्यानं मेट्रिक वजनं आणली आणि तोळा हळूहळू व्यवहारातून बाद झाला. बाद झाला, आखडला नाही. 10 ग्रॅमला तोळा म्हणणं ही बाजाराची सोय आहे. 2009 चा वजनमाप कायदा मेट्रिक वजनच मानतो.

खरा धोका जुन्या वहीत आहे, आणि त्याबद्दल हा मजकूर चकार शब्द काढत नाही. आजीच्या वहीत 'पाटल्या 5 तोळे' अशी नोंद असते. ती मेट्रिकच्या आधीची असेल तर 58.32 ग्रॅम होतात. वाटणीच्या वेळी कोणी सहज "म्हणजे 50 ग्रॅम" म्हणून गेलं, तर 8 ग्रॅमांहून जास्त सोनं हिशोबातून नाहीसं होतं, आणि बहुतेक वेळा ते बहिणींच्या वाट्यातून जातं. 'सव्वा तोळा दोन मासे' अशी नोंद असेल तर 17 मासे धरा, साधारण 16.5 ग्रॅम. तरीही वहीवर विसंबू नका. संस्थानी काळात ठिकठिकाणचे तोळे थोडे वेगळे असत, दागिना झिजतो, पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते. मोडायला किंवा वाटायला काढलेला प्रत्येक नग आपल्या डोळ्यांसमोर तोलून घ्यावा. खडे आणि लाख धरून एकूण वजन किती आणि सोन्याचं निव्वळ वजन किती, हे वेगवेगळं लिहून मागावं. भांडायचंच असेल तर या आकड्यावर भांडा.

औंसाच्या मुद्द्यात मजकूर लिहिणाऱ्यानं किराण्याचा औंस धरलाय, 28.35 ग्रॅमचा. सोन्याचांदीला ट्रॉय औंस चालतो, 31.1035 ग्रॅमचा. औंसाच्या भावाला 28.35 नं भागलं की परदेशी सोनं ग्रॅममागे 9.7 टक्के महाग दिसतं, आणि मग इथलं त्यामानानं स्वस्त वाटून भेसळीचा संशय येतो. पडताळा घरी करता येतो. ट्रॉय औंस 480 ग्रेनचा आणि तोळा 180 चा, म्हणून तोळा बरोबर तीन अष्टमांश औंस. 31.1035 ला 3 नं गुणून 8 नं भागा, 11.6638 येतात. 28.35 धरून ते कधीच येणार नाहीत.

कॅरेटचं थोडक्यात. हिऱ्याचा कॅरेट हे वजन आहे, 200 मिलिग्रॅम. सोन्याचा कॅरेट ही शुद्धता, 24 भागांत किती भाग सोनं ते. 22 कॅरेटची 10 ग्रॅमची साखळी तराजूवर 10 ग्रॅमच भरते. त्यात शुद्ध सोनं साधारण 9.16 ग्रॅम असतं, आणि हॉलमार्कमधला 916 हा आकडा तेच सांगतो.